मुलीच्या पहिल्या लिपस्टिकवर ठराव करणाऱ्यांना



आमच्या भागातल्या एका महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक ठराव फिरतो आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलींनी मेकअप करू नये, आयांनी तसा नियम घ्यावा, आणि नियम घेतला की ग्रुपवर हात जोडल्याची खूण टाकावी. खुणा धडाधड पडत आहेत. माझी पडलेली नाही आणि पडणारही नाही. दोघी-तिघींनी वेगळा मेसेज करून विचारलं, "काकू, तुम्ही रोज सामायिक करणाऱ्या, तुम्हाला यात काय खटकलं?" प्रत्येकीला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा इथेच लिहिते.

पहिली गोष्ट. याच मंडळाच्या महावीर जन्मकल्याणकाच्या कार्यक्रमात त्रिशला मातेची चौदा स्वप्नं बसवली जातात. त्यात नाचणाऱ्या मुली पाच-सहा वर्षांच्या असतात. त्यांना पार्लरवाली बोलावून फाउंडेशन, गालांना लाली, डोळ्यांवर चमकी आणि गडद लाल लिपस्टिक कोण लावतं? आपणच. लग्नाच्या संगीतात सात वर्षांच्या भाचीला खोट्या पापण्या कोण चिकटवतं? आपणच. पोर डोळे चोळत रडते, तेव्हा "थांब गं, फोटो होऊ दे" असं कोण म्हणतं? तेव्हा तिला काही कळत नसतं आणि तिने काही मागितलेलं नसतं. तीच मुलगी अकरा वर्षांची झाली, थोडं कळायला लागलं, आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "मम्मी, मला एक लिपस्टिक हवी आहे," की आपल्याला एकदम धर्म आठवतो. म्हणजे आक्षेप रंगाला नाही, तिने मागण्याला आहे. हे मला पटत नाही.

दुसऱ्या बाजूच्या बहिणींनाही सांगते, हसू नका. "आजकाल सगळ्या करतात, त्यात काय," असं म्हणून वाढदिवसाला सहावीतल्या मुलीच्या हातात बारा रंगांची पेटी देणाऱ्या तुम्हीही याच बाकावर बसलेल्या आहात. बंदी घालणारी बघत नाही आणि पेटी देणारीही बघत नाही. मग मुलीसाठी बघतं कोण? मोबाईल.

मोबाईल काय दाखवतो ते मी स्वतः पाहिलं. माझी नात सहावीत आहे, मोशीला राहते. तिची आई म्हणजे माझी मुलगी, चाकणला एका कंपनीत अकाउंट्स बघते. सकाळी साडेसातला निघते, आणि नाशिक हायवेच्या कृपेने कधी घरी येईल याचा नेम नाही. नातीने मला यादी दाखवली. फेसवॉश, टोनर, सीरम, रात्रीची क्रीम. अहो, अकरा वर्षांच्या मुलीला सुरकुत्या घालवायची क्रीम! ती म्हणाली, "नानी, वर्गात सगळ्यांकडे आहे." सगळ्यांकडे नसतं हे मला माहीत आहे आणि तिलाही. पण हे खूळ फक्त मोशीचं नाही. 2025 साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सात ते अठरा वर्षांच्या मुलींचे टिकटॉकवरचे असे व्हिडिओ तपासले. एकेक मुलगी सरासरी सहा वस्तू तोंडाला लावत होती, आणि सकाळच्या यादीत उन्हापासून वाचवणारी क्रीम मात्र जेमतेम चौथ्या भागात होती. स्वीडनमधल्या एका मोठ्या औषधदुकानांच्या साखळीने तर 2024 मध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना आम्लं आणि अ जीवनसत्त्वाचे प्रकार असलेल्या क्रीम विकणंच थांबवलं. लहान, निरोगी त्वचेला त्यांचा उपयोग काही नाही, उलट आग, लाली आणि उन्हाचा जास्त त्रास.

म्हणून सीरमला मीही नाहीच म्हटलं. पण का, ते तिला सांगितलं. लिपस्टिकचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तिथे आपल्या घरातलाच दाखला बघण्यासारखा आहे.

उपासकदशांग सूत्र आपण पाठशाळेत नावाने शिकलो. त्यातला पहिला श्रावक आनंद. वाणिज्यग्रामचा मोठा गृहस्थ. भगवान महावीरांपुढे त्याने व्रतं घेतली तेव्हा उपभोग-परिभोगाची मर्यादा कशी केली ते कधी नीट वाचलं आहे का? अंग पुसायचं वस्त्र कोणतं, दातवण कोणतं, तेल कोणतं, उटणं कोणतं, आंघोळीला किती घडे पाणी, फुलं कोणती, दागिने कोणते, एकेक वस्तू नाव घेऊन धरली आणि बाकीची सोडली. त्यात विलेपनही आहे. अगरू, कुंकुम, चंदन एवढं ठेवलं, बाकीच्या विलेपनाचा त्याग. म्हणजे भगवंतांच्या समोर, भगवंतांच्या पहिल्या श्रावकाने, अंगाला काहीच लावणार नाही असं म्हटलं नाही. काय लावणार ते ठरवलं आणि मोजलं.

आपण रोज चौदा नियम चितारतो तेही हेच आहे. सचित्त, द्रव्य, विगई, आणि त्याच यादीत पुढे विलेपन. तुमच्यातल्या किती जणी त्या खान्यात क्रीम, पावडर, काजळ प्रामाणिकपणे धरतात? द्रव्यं मोजताना आपण बडीशेपसुद्धा धरतो. मी बी.कॉम. केलं ते 1981 साली. एका खात्याच्या नोंदी टाळल्या तर ताळेबंद जुळत नाही एवढं तेव्हापासून डोक्यात बसलं आहे. नातीला मी हे खातं उघडून दिलं. तिने लगेच विचारलं, "लिपस्टिक विलेपनात धरायची की द्रव्यात? ती तर पोटात जाते." साठी उलटेपर्यंत मला हा प्रश्न पडला नव्हता.

ठरावाच्या बाजूने एका बहिणीने मल्लीकुमारीचा दाखला दिला. आपल्या श्वेतांबर परंपरेत एकोणिसावे तीर्थंकर मल्लीनाथ म्हणजे राजकन्या मल्ली. तिने स्वतःचा सोन्याचा पोकळ पुतळा केला, त्यात रोज अन्नाचा घास टाकला, आणि लग्नाला आतुर झालेल्या सहा राजांसमोर झाकण उघडून दुर्गंधी दाखवली. बाहेरून सोनं, आत हे. गोष्ट मोठी आहे. पण ती दाखवली कुणाला? सहा वयात आलेल्या, लोभावलेल्या राजांना. अकरा वर्षांच्या पोरीला नाही. आपण ती नेमकी उलटी लावतो. बघणाऱ्यांना मोकळं सोडतो आणि पोरीला तिच्याच देहाची किळस शिकवतो.

गोष्टच हवी तर चंदनबालेची घ्या. शेठ तिला मुलीसारखं वागवतो, आणि मूला शेठाणीला तिच्या रूपाची भीती वाटते. म्हणून मूला तिचे केस काढून टाकते, पायात बेड्या घालते आणि कोंडून ठेवते. पाठशाळेत ही गोष्ट सांगताना आपण उडदाच्या बाकळ्यांवर आणि भगवंतांच्या अभिग्रहावर थांबतो, ते बरोबरच आहे. पण मूलेचं काय? तिला कुणी मेकअपचा ठराव मांडायला सांगितला असता तर तिने तो नक्की मांडला असता. मुलगी छान दिसली तर काहीतरी विपरीत होईल, ही भीती मोठ्यांच्या मनातली. तिचे केस मुलीने का द्यायचे?

आता हिंसेकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे, आणि ठरावात त्यावर एक ओळही नाही.

बिस्किटाचा पुडा आपण उलटसुलट करून बघतो. हिरवा ठिपका, अंडं नाही ना, जिलेटिन नाही ना, लसूण नाही ना. लिपस्टिक मात्र फक्त रंग बघून घेतो. तिच्यावर 75470 हा आकडा किंवा कार्माइन असं दिसलं तर तो लाल रंग किड्यांचा आहे. निवडुंगावर वाढणारा कोचिनील नावाचा किडा, पेरू देशात त्याची शेती करतात, वाळवून कुटतात. एक किलो रंगाला लागणारे किडे लाखाच्या घरात जातात. आपण सूर्यास्तानंतर एक किडा तोंडात जाऊ नये म्हणून जेवत नाही, आणि तोच जीव ओठांवर लावून व्याख्यानाला जाऊन बसतो. 75170 म्हणजे ग्वानिन, मोत्यासारखी झाक, ती माशांच्या खवल्यांतून काढतात. सेरा अल्बा म्हणजे मधमाश्यांचं मेण. मध आपल्यात महाविगई, पण त्याच पोळ्याचं मेण लिप बामच्या डबीत आहे हे किती जणींना माहीत? लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं. शेलॅक म्हणजे आपली लाख, तीही किड्यांचीच. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार नाव घेऊन सांगितला आहे. आनंद श्रावकाच्या त्याच सूत्रात.

इथे एक गोंधळ आहे तो दूर करते. डबीवर सशाचं चित्र किंवा क्रुएल्टी-फ्री असं लिहिलेलं दिसलं की आपण निर्धास्त होतो. त्याचा अर्थ प्राण्यांवर चाचणी केली नाही, एवढाच. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी 2014 सालीच बंद झाली, आणि त्याच वर्षी तशा आयात मालावरही बंदी आली. आत प्राण्याचं काही नाही असा त्याचा अर्थ होत नाही. ससा आणि कार्माइन एकाच डबीवर सुखाने नांदू शकतात. व्हीगन लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तरी पाठीमागची यादी वाचायचीच. 2014 मध्येच सरकारने या मालावरही हिरवा आणि तांबडा ठिपका लावण्याचा नियम काढला होता. आज पिंपरी कॅम्पातल्या कुठल्याही दुकानात उभं राहून बघा, किती डब्यांवर तो ठिपका सापडतो ते. म्हणून भिंग लागतं. माझ्या पर्समध्ये आता एक छोटं भिंग असतं. दुकानदार आधी हसतो, नंतर स्वतःच डबी पुढे करून विचारतो, "काकू, यात काय आहे?"

आणखी एक आकडा, 77019. हा अभ्रक. डोळ्यांवरची, गालांवरची, नेलपेंटमधली चमकी पुष्कळदा याची असते. अभ्रक दगड आहे, तो किडा नव्हे, म्हणून आपण सोडून देणार. पण तो झारखंडात कोडरमा आणि गिरिडीहच्या बाजूला बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून वेचला जातो, आणि वेचणाऱ्यांत लहान मुलं असतात हे वर्षानुवर्षं छापून आलं आहे. 2016 मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा दोन महिन्यांत किमान सात मुलं तिथल्या बेकायदा खाणींत दगावल्याचं त्यांना आढळलं. पंचेंद्रिय जीव, आपल्या मुलींच्या वयाचे. आपल्या स्टेजवरच्या चौदा स्वप्नांतल्या चांदण्या चमकतात ती चमकी कुठली, हे पार्लरवालीला कुणी विचारलं आहे? अभ्रक कुठून घेतो हे काही कंपन्या सांगतात, काही जणी प्रयोगशाळेत बनवलेला वापरतात आणि तसं डबीवर लिहितात. जे सांगत नाहीत त्यांची चमकी नाही घेतली तर कुणाचं काही अडत नाही.

आता जिथे मी ठरावाच्याही पुढे जाऊन कडक आहे ते सांगते. गोरेपणाची क्रीम. ती पंधराव्या वर्षीही नको आणि पंचविसाव्याही नको.

2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत होती. एक तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या किडन्यांवर परिणाम झाला. ब्यूटिशियनकडून आणलेली गोरं करणारी क्रीम तिघी वापरत होत्या. शेवटी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांमुळे उलगडा झाला की क्रीममध्ये पारा आहे. पारा त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून महिनाभर चेहरा उजळल्यासारखा दिसतो. तोपर्यंत तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून किडनीत जाऊन बसतो. आपल्या कायद्यानुसार अशा क्रीममध्ये पारा घालताच येत नाही. नकळत राहिला तर दहा लाख भागांत एक भाग, एवढीच मुभा. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, बॅच नंबर नाही, परवाना नंबर नाही, तिला कुठला कायदा? तीन बायका, एकाच घरातल्या. क्रीम मुलीने मागितली म्हणून रागवायचं, तर आईच्या हातातही तीच डबी होती.

आणि मुलीला गोरं व्हावंसं का वाटतं? आपल्या परिचय मेळाव्यांच्या पुस्तिका उघडा. उंची, शिक्षण, पॅकेज, आणि रंगाच्या रकान्यात 'उजळ', 'गव्हाळ-उजळ', 'स्वच्छ गोरा'. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या त्या प्रसिद्ध क्रीमने 2020 मध्ये नावातून 'फेअर' काढून टाकलं. आपल्या पुस्तिकेतून 'उजळ' अजून गेलेलं नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलींसाठी ठराव करायला एक संध्याकाळ पुरली. हा रकाना काढायचा ठराव मी तीन वर्षांपूर्वी तोंडी मांडला होता, तेव्हा "बघू" असं उत्तर मिळालं. अजून बघणं चालू आहे.

मग नातीसाठी काय केलं, असं विचाराल. एका रविवारी तिची आई, ती आणि मी बसलो. आनंद श्रावकासारखी यादी करायची, असं ठरवलं. तिला वाटलं पंधरा-वीस वस्तू मिळतील. मी म्हटलं, नाव घेऊन मागायचं, आणि प्रत्येक वस्तू कशासाठी, कुठे, किती वेळा, हे तिने सांगायचं. तिच्या आईने एकच अट घातली, शाळेत काही नाही, तो शाळेचाच नियम आहे. उन्हाची क्रीम सगळ्यात आधी, कारण बस येईपर्यंत मुली हायवेच्या कडेला उन्हात उभ्या असतात. दुसरा रंग नसलेला लिप बाम, मधमाशीच्या मेणाऐवजी झाडाच्या मेणाचा. त्यावर कार्नोबा किंवा कॅन्डेलिला असं लिहिलेलं असतं. तिसरी एकच फिकट गुलाबी लिपस्टिक, फक्त लग्नाकार्याला. काजळ तिने स्वतःच काढून टाकलं, कारण मैत्रिणींमध्ये एकच कांडी फिरते आणि तिचे डोळे मागे एकदा आले होते. नेलपेंटवर मायलेकींची जुंपली. शेवटी सुट्टीपुरतं मिळालं.

लिपस्टिक शोधायला मात्र दोन शनिवार गेले. पहिल्या दुकानातल्या सहाही डब्यांत 75470. दुसऱ्या दुकानात कार्माइन नसलेली मिळाली तर तिच्यात मधमाशीचं मेण. नात कंटाळली, मग तिला खेळ वाटायला लागला. तिसऱ्या दुकानात तिनेच भिंग घेतलं आणि मोठ्याने आकडे वाचले. घरी आल्यावर ती सरळ आईच्या ड्रेसिंग टेबलकडे गेली. तिथल्या चार लिपस्टिकपैकी तीन बाद. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, मी खिडकीबाहेर. खरं सांगायचं तर ठरावाने हे काम शंभर वर्षांत झालं नसतं. बंदी मुलीपुरती असते, ती आईच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

"आज लिप बाम, उद्या काय?" असं एकीने लिहिलं आहे. उद्या ती सोळा वर्षांची होईल, मग वीस. आज आपण तिच्याबरोबर दुकानात उभं राहिलो नाही तर ती तेव्हाही दुकानात जाणारच, फक्त एकटी, आणि पाऊच दप्तराच्या तळाशी लपवून. लपवलेल्या पाऊचमधल्या डबीवर परवाना नंबर आहे का हे कोण बघणार? घरी विचारायची सोय नसलेली मुलगी तोंडावर पुरळ आलं तरी आईला सांगत नाही, वरून आणखी फाउंडेशन लावते.

"साध्वीजींना हे चालेल का?" असंही विचारलं गेलं. साधू-साध्वींना शरीराची विभूषा पूर्ण वर्ज्य, त्यांचं व्रत महाव्रत आहे. पौषधात आपणही शरीराचा सत्कार सोडतो. एखाद्या मुलीला आठमाचा पौषध करायचा असेल तर त्या दिवशी ती सगळं बाजूला ठेवेल, आणि ते बाजूला ठेवण्याला अर्थ असेल कारण एरवी तिच्याजवळ काहीतरी असेल. पण श्रावकाचं अणुव्रत आहे. अकरा वर्षांच्या मुलीकडून महाव्रत आणि पन्नाशीच्या आईकडून काहीच नाही, ही विभागणी कुठल्या आगमात आहे ते मला दाखवा.

"वेळ कुठे आहे?" हा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटतो. नवरा तीन शिफ्टमध्ये, सून भोसरीला, सासूचे गुडघे, मुलांचे क्लास. माझ्या मुलीलाही वेळ नाही. म्हणून तर नानी, दादी, आत्या, मावशी आहेत. मेथी निवडायला आपण एकत्र बसतो तसं हेही बसून करता येतं.

ठरावाच्या जागी मी मंडळाला चार ओळींचं पत्र दिलं आहे. येत्या जन्मकल्याणकाच्या कार्यक्रमात दहा वर्षांखालच्या कुठल्याही मुलीला पार्लरचा मेकअप करू नये. स्टेजवर जी काही चमकी, लाली, लिपस्टिक वापरली जाईल तिच्या डब्या आधी दोन बहिणींनी वाचाव्यात. परिचय पुस्तिकेतला रंगाचा रकाना काढावा. आणि चातुर्मासात पाठशाळेचा एक रविवार आया-मुलींनी आपापली पाऊच घेऊन यावं. भिंगं मी आणते. सहीसाठी पत्र माझ्याकडे आहे, आत्तापर्यंत सात सह्या झाल्या आहेत, त्यातल्या दोघी आधी ठरावावर हात जोडणाऱ्या.